एका बाळासाठीही एमआरची कुपी उघडा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

आमच्या वस्तीतली धुणीभांडी करणारी एक बाई गेल्या महिन्यात कामावर खाडा करून नऊ महिन्यांच्या मुलीला गोवर-रुबेलाची (एमआर) लस टोचायला घेऊन गेली आणि तासाभराने तशीच परत आली. त्या दिवशी दुसरे बाळ आले नव्हते, आणि अनेक मात्रांची कुपी एकटीसाठी उघडली तर बाकीची लस वाया जाईल, म्हणून तिला पुढच्या आठवड्यात बोलावले गेले. पुढच्या आठवड्यात तिला सुट्टी मिळाली नाही.

दोष आरोग्यसेविकेचा आहे असे मी मानत नाही. एमआरची लस द्रावणात मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते, आणि त्या टाकलेल्या लशीचा जाब तिलाच विचारला जातो. एका बाळासाठीही कुपी उघडावी ही सूचना कागदावर आहेच. पण परत पाठवलेल्या बाळाची नोंद मात्र कुठल्याच रकान्यात होत नाही.

२०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ सुरू झाली, ती भिवंडी, मालेगावपर्यंत दिसली, आणि बळी गेलेल्यांत तान्ही मुलेही होती. गोवर केवळ पुरळ नव्हे. आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून आणि कपाळावरून खाली उतरणारे लाल चट्टे, आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते मूल इतरांना संसर्ग देत असते. घरी कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवून वाट पाहिली जाते, तोवर कधी न्यूमोनिया होऊन बसतो. साथ रोखायला शंभरांतल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात, त्यामुळे अशी परत पाठवलेली दहा-बारा बाळेही एखाद्या वस्तीत साथ पसरायला पुरेशी ठरतात.

म्हणून विनंती एवढीच, की वाया गेलेल्या एमआर मात्रांसाठी सेविकेला जबाबदार धरले जाणार नाही असा लेखी आदेश प्रत्येक केंद्रात लावावा, लस न देता परत पाठवलेल्या बाळांची नोंद सक्तीची करावी, आणि कामकरी वस्त्यांत महिन्यातून एक सत्र तरी रविवारी ठेवावे.

त्या मुलीच्या कार्डावरचा एमआरचा रकाना आजही कोरा आहे.

आपला नम्र,
एक नागरिक