नोंद गावात झाली, आकडा गावाला मिळेना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जत तालुक्याच्या पूर्व भागात मी 33 वर्षं आरोग्य सेविका होते. 2019 साली निवृत्त झाले. माझी भाची कराडला भूगोलात एम.ए. करते. मागच्या महिन्यात ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, सातारा-सांगलीतले तालुके घेऊन आरोग्याची आणि राहणीमानाची तुलना करायची आहे. माण, जत, कराड, वाळवा. आकडे कुठे मिळतील?" मी म्हटलं, बस, आत्ता काढू. आकड्यांच्या नोंदवह्या भरण्यातच माझी नोकरी गेली. दोन रात्री आम्ही दोघी जागलो. त्यात जे कळलं ते वाचकांपुढे यावं म्हणून हे पत्र.

आधी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडलं. पाचव्या फेरीची, म्हणजे 2019-21ची, प्रत्येक जिल्ह्याची पत्रकं इंटरनेटवर फुकट मिळतात. एकेका जिल्ह्याचे 104 निर्देशक आहेत. घरात संडास आहे का, चूल कशावर पेटते, किती बायकांच्या अंगात रक्त कमी, किती पोरं वयाच्या मानानं बुटकी, सगळं त्यात आहे. सातारा आणि सांगली शेजारी ठेवून बघायचं तर याहून चांगलं साधन मला दिसलं नाही. पण ते जिल्ह्याच्या खाली उतरत नाही. भाचीनं भागाकार केला. देशभरात 6,36,699 घरं, 707 जिल्हे, म्हणजे जिल्ह्याला सरासरी नऊशे घरं. सांगलीत तालुके दहा. जतच्या वाट्याला शंभरभर घरं आली तर आली. जिल्ह्याच्या पत्रकातच काही आकडे कंसात असतात, काही ठिकाणी नुसती तारका असते. खाली बारीक अक्षरांत खुलासा दिलाय: 25 ते 49 नोंदींवरचा आकडा कंसात, 25 पेक्षा कमी असतील तर आकडाच नाही. प्रामाणिकपणा म्हणून मला हे आवडलं. पण मग तालुक्याची गोष्टच संपली. अर्भकमृत्यूदराच्या, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांच्या, नमुना नोंदणी पाहणीतही तेच. महाराष्ट्राचा 2020 सालचा दर हजारी 16 असा मिळतो, पण तो राज्याचा.

आता कृष्णाकाठचा वाळवा आणि आमचा जत एकाच जिल्ह्यात आहेत. एकीकडे ऊस, कारखाने, बारमाही पाणी. दुसरीकडे टँकरची वाट बघत काढलेले उन्हाळे. त्यांची सरासरी काढली की जो जिल्हा दिसतो, त्या जिल्ह्यात कोणीच राहत नाही. साताऱ्यातही कराड आणि माण यांचं हेच आहे.

खालपर्यंत उतरलेली आकडेवारी म्हणजे जनगणना. तीही 2011ची. 2021ची वेळेवर झालीच नाही. तेव्हा ज्यांना मी डोस पाजले ती पोरं आता कॉलेजात आहेत. त्यातही कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यात होतं, त्यामुळे जुने-नवे तक्ते सरळ जुळत नाहीत. कवठेमहांकाळ तर इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं, शोधताना एक तऱ्हा सुटली की तालुकाच गायब.

पण आकड्यानं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 1991 साली 924 मुली होत्या. 2001 ला 851 झाल्या. तोवर आमच्या मासिक बैठकीत मुलींच्या जन्माचं वेगळं कोणी विचारत नव्हतं. त्या आकड्यानंतर दर महिन्याला विचारायला लागले, कोणत्या गावात कमी, का कमी. 2011 ला 867 वर आलो. पुरेसं नाही, पण घसरण थांबली. माहिती दहा वर्षांनी न येता दरवर्षी आली असती, तर 851 पर्यंत पोचण्याआधीच कुणीतरी दचकलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ आमचा गेला मासिक अहवालांवर. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय यांचे महिन्याचे आकडे आता संगणकावर चढतात, आणि त्यातून तालुकावार तक्ते निघतात. भाची खूश झाली. मी तिला थांबवलं. हे आकडे संस्थेचे आहेत, बाईच्या गावाचे नाहीत. माझ्या उपकेंद्रात एक गरोदर बाई होती, नाव सांगत नाही. बाराव्या आठवड्याच्या आत मी तिची नोंद केली, धनुर्वाताची (टीटी) इंजेक्शनं दिली, लोहाच्या गोळ्या मोजून हातात ठेवल्या, दर महिन्याला वजन घेतलं. नवव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला आणि तिला मिरजेला पाठवली. बाळंतपण मिरजेत झालं. तपासण्या जतच्या रकान्यात, बाळंतपण मिरजेच्या रकान्यात. माझ्या वहीत तिच्या नावापुढे लाल पेनानं "मिरज" लिहिलंय, पण अहवालात लाल पेन चढत नाही. आमच्या तालुक्यातल्या उमदी-संखकडच्या बऱ्याच बायका कर्नाटकात विजापूरला जातात, त्यांचं बाळंतपण तर दुसऱ्या राज्यात मोजलं जातं. शिवाय पहिलटकरीण माहेरी जाते, ऊसतोडीची कुटुंबं हंगामभर बाहेर असतात, विटा-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले बायकापोरांसह दूरदूरच्या शहरांत राहतात. तक्ता जसाच्या तसा घेतला तर जतमध्ये दवाखान्यातली बाळंतपणं कमी आणि मिरजेत भरमसाट दिसतात. खरं तर बाई योग्य वेळी योग्य ठिकाणी पोचली, आणि दोष तालुक्याला लागला.

यावर उपाय अवघड नाही. जन्माची खबर देताना जो नमुना 1 भरतात, त्याचे दोन भाग असतात. एक कायद्याच्या नोंदीचा, दुसरा आकडेवारीचा. आकडेवारीच्या भागात आई नेहमी राहते ते गाव आणि जिल्हा विचारलेला असतोच. म्हणजे बाळंतपण मिरजेत होवो की विजापुरात, आई कुठली हे कागदावर आहे. मला एवढंच मागायचं आहे की, जन्म, कमी वजनाची बाळं, माता आणि बालकांचे मृत्यू हे आईच्या राहत्या तालुक्याप्रमाणे दरवर्षी जाहीर करावेत. नुसती टक्केवारी नको, किती पैकी किती तेही द्यावं, कारण चारपैकी एक आणि चारशेपैकी शंभर यांत फार फरक आहे. नावं अर्थातच द्यायची नाहीत, आणि जिथे संख्या अगदी लहान आहे तिथे त्या सर्वेक्षणासारखी तारका ठेवावी. मराठीत द्यावं, आणि स्कॅन केलेल्या पानाचा फोटो न टाकता बेरीज करता येईल असा तक्ता टाकावा. एका वेबसाइटवर तर आम्हाला तिरकी स्कॅन झालेली पानं मिळाली. भाचीनं मान वाकडी करून रात्री दीडपर्यंत त्यातले आकडे हातानं उतरवले.

सध्या तिच्या तक्त्यात जिल्ह्यांचे दोन रकाने भरलेत. तालुक्यांचे बहुतेक रकाने रिकामे आहेत. माण आणि जतच्या ओळी तिनं खोडलेल्या नाहीत, मीच तिला खोडू दिल्या नाहीत.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. जत, जि. सांगली