एक की सात?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत जुन्या गाड्या परदेशी पाठवण्याबद्दलचा लेख वाचला. लेखक म्हणतात, कागद पुरे असले की दीड-दोन महिन्यांत गाडी दारात. वाचून आमच्या घरात सगळे हसले, मी सोडून.

अण्णांची 1966 ची फियाट डिलाइट आम्ही 2022 मध्ये मेलबर्नला धाकट्या भावाकडे पाठवली. कागद पुरेच होते. आरटीओत एनओसी (ना-हरकत दाखला) मागायला गेलो तर आधी 20 हजार भरून व्हिंटेज नोंदणी करून घ्या, असाही सल्ला मिळाला. म्हणजे गावाला निघालेल्या पाहुण्याला रेशन कार्ड काढायला लावायचे. ते टळले. पण आर.सी. बुकाची नक्कल करताना कधीकाळी कुणा लिपिकाने चेसिस नंबरातला (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरातला) एक आकडा असा काढला होता, की तो 1 म्हणावा की 7, हे गाडीलाच विचारावे लागावे.

तेही विचारले. बंदराजवळच्या यार्डात बॉनेट वर करून या वयात मी आत वाकलो. छप्पन वर्षांचे ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसले, नंबरावर कागद धरला, पेन्सिल घासली. स्वच्छ 1 उमटला. कस्टमच्या साहेबांनी कागद पाहिला, बुक पाहिले आणि म्हणाले, "गाडीवर 1 आहे, बुकात 7 आहे. म्हणजे ही ती गाडी नाही."

बुकातला तो 7 आहे हे ठरवले कुणी? त्यांनीच!

बुक घेऊन परत परभणी. इथल्या आरटीओत सांगितले, जुनी नोंदवही जीर्ण आहे, अर्ज ठेवून जा. तिकडे गाडी उभी, जागेचे भाडे रोज चढते. एजंटचा रोज फोन, "काका, झालं का काही?" असे 19 दिवस. विसाव्या दिवशी एका भल्या माणसाने कपाटावरून वही ओढली, धूळ झटकली, पान काढले आणि दोन मिनिटांत शिक्का मारून दिला. दोन मिनिटे, महोदय.

ऑस्ट्रेलियावालेही काही कमी छळत नाहीत, पण ते आधी सांगून छळतात. गाडी निघण्याआधीच आयात परवानगी हातात लागते. अ‍ॅस्बेस्टॉसला तिथे 2003 अखेरपासून बंदी, आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेक-क्लचमध्ये तेच असते, म्हणून आमच्या मिस्त्रींनी चारी चाकांचे ब्रेक लायनर, क्लच प्लेट, झाडून सगळी पॅकिंग बदलली. जीएसटी 10 टक्के, तोही जहाजभाडे आणि विमा धरून. गाडी मी तीनदा रॅम्पवर चढवून धुतली होती. तरी मडगार्डच्या आतल्या घडीतून त्यांनी काळ्या मातीचे ढेकूळ काढलेच, आणि त्यात गवताचे बी. धुलाईचा भुर्दंड भावाला. मला मात्र राग आला नाही. गाजरगवत आपल्याकडे परदेशी गव्हातून आले म्हणतात. तेव्हा आपल्या बंदरावर असा कुणी चिमटा घेऊन बसला असता, तर आज माझ्या धुऱ्यावर पाय ठेवायला जागा असती.

जाता जाता. ही गाडी ट्रकवर चढून जालन्यावरूनच मुंबईकडे गेली. त्याच जालन्यात डिसेंबर 2015 मध्ये ड्राय पोर्टचे, म्हणजे समुद्राविना जमिनीवरच्या बंदराचे, भूमिपूजन झाले होते आणि आता कस्टमचे काम घराजवळ होणार, असे आपणच मोठ्या अक्षरांत छापले होते. सात वर्षांत ते उभे राहिले असते, तर आकड्याचा घोळ मिटवून मी दुपारच्या जेवणाला घरी असतो.

आणखी एक. लेखासोबत 'डुक्कर फियाट' अशी ओळ टाकून जो फोटो छापला आहे, ती अँबॅसडर आहे. डुक्कर फियाट पन्नासच्या दशकातली, आमची डिलाइट तिच्यानंतरची, आणि अँबॅसडर तर फियाटच नव्हे, ती हिंदुस्थान मोटर्सची. भावाने मेलबर्नहून तोच फोटो मला पाठवून विचारले आहे, "दादा, हे काय?" त्याला काय उत्तर देऊ? दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला एक जुना वाचक,
वसमत रोड, परभणी