बाबा, टोपणाचा रंग बघा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर तुमच्या इन्सुलिनचा विषय काढला की बाबा "आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून स्वतः वाचा. आई वाचून दाखवताना मधलं गाळते.

आधी सांगूनच टाकते. येत्या एक तारखेपासून सकाळी आणि संध्याकाळी साडेसातला एक सिस्टर घरी येणार. दादाशी बोलून ठरवलंय, तीन महिन्यांचे पैसे भरलेत आणि ते परत मिळत नाहीत. (हे मुद्दाम लिहिलं. पैसे वाया जातात म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणणार नाही.) इंजेक्शन तुम्हीच भरायचं, तुम्हीच घ्यायचं. सहा वर्षं घेताय, तुमचा हात माझ्यापेक्षा हलका. सिस्टर फक्त बाटली, सिरिंज आणि खूण बघणार. आमच्या वॉर्डात इन्सुलिन एकटीनं द्यायचंच नाही असा नियम आहे, एकीनं भरायचं, दुसरीनं वाचायचं. वीस वर्षं मुरलेल्या सिस्टरलासुद्धा सूट नाही. मग तुम्हाला कशाला कमीपणा वाटावा?

आई, त्या पहाटे तू एवढंच म्हणालीस, "हे घामानं भिजलेत आणि मला वहिनी म्हणतायत." मीटरवर साखर 42, धोक्याइतकी कमी. तो आवाज अजून कानात आहे.

नक्की काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. तुमची बाटली 40 ची, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. गणपतीच्या गर्दीत लाल संपल्या म्हणून दुकानातून नारंगी टोपणाच्या आल्या. त्या 100 च्या इन्सुलिनच्या. त्यात 20 च्या खुणेपर्यंत भरलं तरी पोटात जातात फक्त 8 युनिट. साखर 300 वर गेली आणि आपण सगळ्यांनी खापर मोदकांवर फोडलं. आईनं तर तुमचा भात बंद केला, बिचारे तुम्ही! डॉक्टरांनी डोस 28 केला, सिरिंज बदललीय हे त्यांना कोण सांगणार? मग लाल सिरिंज परत आल्या, तुम्ही इमानदारीत 28 भरलंत. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत साधारण 11 जात होते, ते एकदम 28.

बाबा, यात तुमची चूक नाही. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हीच सिरिंज दाखवली होतीत, "बघ गं, नव्या आल्यात, टोचल्याचं कळतपण नाही." नारंगी टोपण माझ्या डोळ्यांसमोर होतं. पुण्यात बसून मी दिवसभर दुसऱ्यांची औषधं तपासते, आणि तुम्हाला काय म्हणाले? "छान."

लहानपणी माझा खोकला असा तुम्ही कधी सोडला नव्हतात. रात्री दोनला दिवा लावून औषधाचं टोपण डोळ्यांसमोर धरायचात, खूण डोळ्याच्या रेषेत आल्याशिवाय पाजायचा नाहीत. थेंब जास्त झाला तर परत बाटलीत. मी रडत असायचे, तुम्ही म्हणायचात, "थांब गं सोन्या, मापात हवं." वर सकाळी ताप उतरला की गंगावेशीत दूध कट्ट्यावर फेसाळ दूध.

आता ऐका. डोस परत 20 झालाय, 28 चा कागद आईनं आजच फाडून टाकायचा. नारंगी सिरिंज एकही घरात नको. शेजारच्या काकूंना "लागतील" म्हणून देऊ नकोस, आई, तुझा स्वभाव मला माहितीय. फोडलेल्या बाटलीवर तारीख लिही, चार आठवड्यांनी नवी काढ. फ्रिजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्याला लावून नको, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. वापरलेल्या सुया घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका, त्या पोरांच्या हाताला टोचतात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, मी आले की हॉस्पिटलात नेऊन देईन. इंजेक्शन झालं की अर्ध्या तासात ताट. रंकाळ्याची चक्कर त्याआधी, खिशात साखरेची पुडी घेऊन. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की मीटर शोधत बसू नकोस आई, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दे. गूळ चघळायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीच घालायचं नाही, थेट 108.

रविवारचा पांढरा रस्सा कुणी बंद केलेला नाही. भातसुद्धा सुरू करा, एक मूद. सिस्टर चहा घेतात, बिनसाखरेचा. बाबा, तुम्हाला तेवढीच सोबत.

लाल टोपणाच्या तीस सिरिंज कुरिअरनं पाठवल्यात. या रविवारी कॉलवर त्यातली एक मला दाखवा. जरा जवळ धरा, उजेडात. मी खूण वाचेपर्यंत हात खाली घेऊ नका.

तुमची,
धाकटी