कागदाला सुरी लागलीच नव्हती

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही दिलेलं माझ्यापुरतं ठेवावंसं वाटत नाही.

खानापुरात तुमच्या घरी चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांच्या ‘वूंड्स’ मालिकेतल्या एका कामाचं छायाचित्र तुम्ही दाखवलंत. जखमा असं नाव, आणि मला दिसला नुसता पांढरा कागद. ना माणूस, ना रक्त. “यात आहे काय?” असं मी तोंडावर विचारलं. तुम्ही समजावत बसला नाहीत. म्हणालात, “रविवारी ये, जुने कपडे घालून.”

माती आपल्या इथलीच, कौलांची. तिची लादी थापून तुम्ही माझ्या हातात सुरी दिलीत. पहिला काप मारताना हात अडखळला, तो अजून आठवतो. मग त्यावर सिमेंट ओतून साचा घेतला. मातीतली चीर साच्यात उंचवटा झाली. टीपकागद भिजवून केलेला लगदा त्या साच्यावर बोटांनी दाबला, तेव्हा उंचवट्याच्या जागी पुन्हा चीर. होर यांनी सत्तरच्या दशकात ही कामं केली ती अशीच, माती, सिमेंट आणि लगद्यातून. शाई नाही, रंगही जवळजवळ नाहीच. ब्राँझची शिल्पं घडवणाऱ्या माणसाचा हात तिथं कळतो.

ऐन जुलै, आणि आपल्याकडचा पाऊस! कागद वाळेना. बुरशी धरली का, हे विचारायला तुम्ही रोज संध्याकाळी फोन करत होता. नवव्या दिवशी तो साच्यातून सुटला. खिडकीतून तिरका उजेड पडला आणि पांढऱ्यात पांढरी चीर उघडी पडली. कागदाला सुरी लागलीच नव्हती, तरी तो कापलेला होता.

त्यानंतर तुम्ही सांगितलंत, की १९२१ साली चितगाव भागात जन्मलेल्या होर यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळातली उपाशी माणसं समोर बसून रेखाटली होती. आधी सांगितलं असतंत, तर मी ते पाठ केलं असतं. उशिरा सांगितलंत, याचेच सगळ्यांत जास्त आभार.

एक सांगायचं राहिलं. आईनं कौलांच्या कारखान्यात कितीतरी वर्षं माती मळली. मी काही न बोलता कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं अंगठा फिरवला, चिरेपाशी थांबवला. म्हणाली, “ओली असताना कापलीय गं ही.”

तुमची विद्यार्थिनी