बंद शाळा आणि गप्प मुलं

संपादक महोदय,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. चौथीतली एक मुलगी घंटा झाली तरी दप्तर भरायची नाही, फळा पुसत रेंगाळायची. अक्षरदासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या पंगतीत तिच्या दंडावरचे वळ दिसले. 'पडले बाई', म्हणाली. खरं सांगायला तिला आठ दिवस लागले, मला विश्वास ठेवायला दोन. (त्या दोन दिवसांची लाज अजून वाटते.)

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. अभ्यास मोबाईलवर, आणि मोबाईल घरातल्या कर्त्या माणसाच्या खिशात. ज्याची भीती, त्याच्याच फोनवरून पोर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर कसा लावणार? तक्रारी आल्या नाहीत म्हणजे मारहाण थांबली, असा अर्थ तेव्हाही नव्हता.

आता पट कमी म्हणून शाळा मिटवण्याची भाषा होते. हिशेबात खोल्या आणि पगार येतात. पोराचा चेहरा रोज बघणारं घराबाहेरचं माणूस येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याने सर्वांवरच बंधनकारक आहे. शाळा मिटवणारच असाल, तर निदान अंगणवाडीताई आणि आशाताईंना तरी हे नीट, मराठीतून समजावून सांगा. आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात दुसरं कोण पोहोचतं?

— एक निवृत्त शिक्षिका, खानापूर