आगोटीत चवीची पेटीही हवी

पुणे, 24 मे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर म्हणालीस, "तांदूळ, तूरडाळ, पोहे भरून झाले, आगोटीचं, पावसाळ्याच्या बेगमीचं, आता काही राहिलं नाही." तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

22 जुलै 2021. वाशिष्ठी नदी घरात शिरली आणि तुम्ही दोघं तांदळाचा डबा न्‌ छोटा गॅस घेऊन माळ्यावर. इथून फोन लागत नव्हता. पाणी उतरल्यावर चिपळूणला आले तेव्हा तू बोलता बोलता सांगितलंस, "भात होता गं, पण ह्यांनी दोन-दोन घासच खाल्ले. नुसता मीठभात उतरतो का घशाखाली?" डब्यात तांदूळ शिल्लक आणि बाबा अर्धपोटी, हे मला अजून टोचतं. आता तर बाबा, तुमच्या तोंडाला चवच कमी लागते, त्यात बीपीमुळे मीठही मोजून.

म्हणून एक घट्ट झाकणाची पेटी पाठवते आहे. ती स्वयंपाकघरात नको, माळ्यावरच ठेवा.

मेतकूट परवा घरीच केलं. हरभऱ्याची डाळ, उडीदडाळ, तांदूळ, थोडे गहू सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजलं. मेथ्या अगदी बेताच्या, कडू होऊ नये म्हणून. जिरे, सुंठ, हळद, हिंग आहे. मीठ घातलेलं नाही. मऊ भातावर तूप आणि हे, बाबा, तुम्हाला आवडतं तसंच. गॅस संपलाच तर भिजवलेल्या पोह्यांवर घ्या.

छोट्या बाटलीत तयार फोडणी आहे: तेल, मोहरी, हिंग, हळद, सुकी मिरची. लसूण मुद्दाम टाळलाय. तेलात बुडालेला लसूण फ्रीजबाहेर राहिला तर विषारी होऊ शकतो, आणि वासावरून ते कळतही नाही. आई, तू स्वतः करशील तेव्हाही घालू नकोस. वरणात चमचाभर फोडणी सोडली की झालं.

आमसुलं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायची, कुस्करायची, गूळ आणि जिरं घालायचं. पाणी आधीच उकळून ठेवलं असेल तर विस्तवाशिवाय सार होतं. आमसुलात मीठ असतंच, वरून नको. सुक्या खोबऱ्याची चटणी थोडीच दिलीय. पावसात खवट होते, ती आधी संपवा. कुळथाचं पीठ आहेच. लिंबाचं लोणचं आईसाठी. बाबा, तुम्ही बोटाला लागेल एवढंच.

मिरी, धने, जिरे अख्खे ठेवलेत. पूड ओल धरते, वासही उडतो. वीज गेल्यावर मिक्सर काय कामाचा? म्हणून आजीचा पितळी खलबत्ता चिंचेने घासून पेटीत ठेवलाय. त्यात चार मिरी आणि चिमूटभर जिरं कुटून गरम भातावर टाकलं, तर मीठ कमी असलं तरी भात बेचव लागत नाही. मी आठवडाभर तसंच खाऊन पाहिलं.

चमचा मात्र कोरडा हवा, आई.

येत्या रविवारी एक जेवण फक्त या पेटीतलं करा. बाबा, तुमच्या पानात काय राहिलं ते मला सांगा. मृग लागायच्या आत तेवढं बदलून पाठवते.

तुमची,
धाकटी