‘अ‍ॅव्हरेज’चा आकडा आणि आलिशान गाडीचा खरा खर्च

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हाच असतो, आणि त्याला शोरूममध्ये मिळालेल्या एका आकड्याच्या भरवशावर लोक लाखो रुपयांचा व्यवहार करतात. मोठ्या, आलिशान एसयूव्हीच्या बाबतीत हा आकडा किती अपुरा असतो, हे दोन वर्षांच्या काटेकोर नोंदींवरून मला पटले आहे. म्हणून हे पत्र.

आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला खाली वाकून बसावे लागणार नाही अशी उंच आणि आरामशीर गाडी हवी होती, म्हणून मी एक चार वर्षे वापरलेली डिझेल एसयूव्ही घेतली. तिची किंमत नव्या मध्यम गाडीइतकीच पडली. विक्रेत्याने अ‍ॅव्हरेज ‘चौदाच्या वर’ सांगितले होते. मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. प्रत्येक वेळी टाकी पंपाचा पहिला कट लागेपर्यंत भरायची, किलोमीटर आणि लिटर लिहायचे आणि गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा शेजारी नोंदवायचा. पडद्यावरचा आकडा जवळजवळ प्रत्येक वेळी प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. दोन वर्षांत गाडी २१,४८० किलोमीटर चालली आणि तिला २,२७६ लिटर डिझेल लागले, म्हणजे लिटरला साधारण ९.४ किलोमीटर. पौड रस्ता आणि कर्वे रस्त्यावरच्या रोजच्या फेऱ्यांत हा आकडा ७.४ वर उतरला. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात ताशी ८० चा वेग धरून ठेवला तेव्हा तो १३.१ पर्यंत गेला आणि १०० च्या वेगाला १०.८ वर आला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० वर जाताना तो दीडपटीहून अधिक होतो, आणि एसयूव्हीचे उंच, रुंद तोंड हवेला जास्त अडते.

यात कोणी सरळ खोटे बोलले असे माझे म्हणणे नाही. आमच्याच कोथरूडमध्ये, वेताळ टेकडीवर असलेल्या ‘एआरएआय’सारख्या वाहन-चाचणी संस्थांतून मिळणारा प्रमाणित आकडा हा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, एका ठरावीक वेगक्रमानुसार काढलेला असतो. त्या क्रमात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि वातानुकूलन बंद असते. वेगवेगळ्या गाड्यांची आपसांत तुलना करायला ही पद्धत उपयोगी आहे. मात्र मे महिन्यात एसी लावून डेक्कनच्या सिग्नलला उभ्या असलेल्या अडीच टनांच्या गाडीला किती डिझेल लागेल, हे ती सांगत नाही, आणि ग्राहकाला नेमके तेच सांगितल्यासारखे वाटते.

या सगळ्याच्या मुळाशी वजन आहे. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना आपण सुमारे साडेपाचशे मीटर वर चढतो. अडीच टनांची गाडी तेवढी उंच उचलण्यासाठीच, बाकीचे सगळे घर्षण बाजूला ठेवले तरी, एक लिटरहून थोडे अधिक डिझेल खर्च होते. एक टनाच्या लहान गाडीला अर्ध्या लिटरहूनही कमी लागते. शहरात तर दर सिग्नलला या वजनाला वेग द्यायचा आणि पुढच्या सिग्नलला तो ब्रेकच्या चकत्यांत उष्णता करून घालवायचा, असे चालते. डिझेल जाते ते त्यामुळे आणि ब्रेक पॅड, चकत्या, टायर झिजतात तेही त्यामुळेच.

माझ्या वहीतला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डिझेल लिटरला ९० रुपये धरले तर दोन वर्षांचा इंधनखर्च २,०४,८४० रुपये होतो. याच काळात विम्याचे २,०६,००० रुपये, दोन सर्व्हिसिंगचे १,१७,००० रुपये, चार टायरचे १,६८,००० रुपये, पुढच्या ब्रेक पॅड व चकत्यांचे ७४,००० रुपये आणि अ‍ॅडब्लू (डिझेलच्या धुरातले घातक वायू कमी करणारे द्रव) व धूर गाळणाऱ्या फिल्टरच्या सफाईचे मिळून ३८,००० रुपये गेले. एकूण ८,०७,८४० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे साडेसदतीस रुपयांच्या वर. त्यात डिझेलचा वाटा जेमतेम साडेनऊ रुपयांचा, म्हणजे पावपट. गाडीची उतरलेली किंमत मी यात धरलेलीच नाही. ज्या अ‍ॅव्हरेजवर आपण एवढा खल करतो, ते पूर्ण खरे निघाले असते तरी उरलेल्या अठ्ठावीस रुपयांबद्दल मला कोणी काहीच सांगितले नव्हते.

फिल्टरचा अनुभव थोडा सविस्तर सांगतो, कारण एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे मानक आल्यावर बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांत तो असतो आणि शहरात राहणाऱ्या खरेदीदाराला त्याची कल्पना नसते. या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावे लागते आणि त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे एका लयीत चालावी लागते. घर ते फिजिओथेरपी केंद्र असा तीन-चार किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. पावसाळ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनाने ताकद कमी केली आणि शेवटी गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन सफाई करावी लागली. ‘तुमचे रोजचे जाणे-येणे किती?’ एवढा एक प्रश्न विक्रेत्याने विचारला असता, तर मी डिझेलऐवजी पेट्रोल गाडी पाहिली असती. अर्थात पेट्रोलचेही गणित आता वेगळे आहे: इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात अ‍ॅव्हरेज काही टक्क्यांनी उतरणारच.

आकडा मांडण्याची आपली रीतही दिशाभूल करते. लिटरला ७ किलोमीटर देणारी गाडी सोडून ९ देणारी घेतली, तर शंभर किलोमीटरमागे तीन लिटरहून अधिक इंधन वाचते. १८ ची सोडून २२ ची घेतली, तर वाचते एकच लिटर. पहिला फरक दोनचा, दुसरा चारचा, आणि बचत मात्र उलटी. युरोपप्रमाणे ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे लिहिले की हे लगेच दिसते. म्हणजे भारी गाड्यांतच योग्य निवडीला सर्वांत अधिक मोल आहे, आणि तिथेच ग्राहक ‘एवढी किंमत देणारा इंधनाचा विचार कशाला करेल’ असे समजून सोडून दिला जातो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होत असताना हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न नाही.

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर शहरातले आणि महामार्गावरचे आकडे वेगवेगळे, वर्षाचा अंदाजे इंधनखर्च आणि पाच वर्षांत सरासरी गाडीपेक्षा किती जास्त वा कमी खर्च होईल, हे छापलेले असते. युरोपीय संघात २०२१ पासून नव्या गाड्यांत इंधनाची प्रत्यक्ष नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिच्या आधारे युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले की पेट्रोल-डिझेल गाड्या प्रमाणित आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के अधिक इंधन पितात, आणि इंधनासोबत चार्जिंगवरही चालणाऱ्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांत प्रत्यक्ष आकडा प्रमाणित आकड्याच्या साडेतीन पट निघतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आपल्याकडेही असेच करावे, अशी माझी मागणी आहे. शहर आणि महामार्ग यांचे आकडे एसी चालू ठेवून वेगळे काढावेत, ते शंभर किलोमीटरमागे लिटरमध्येही द्यावेत, आणि त्यासोबत पाच वर्षांचे सर्व्हिसिंग, टायर व ब्रेक यांचा कंपनीच्याच दरपत्रकाप्रमाणे होणारा खर्च गाडीच्या काचेवर लावणे सक्तीचे करावे. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांनाही हा नियम लागू असावा, कारण गाडीची किंमत निम्म्यावर आली तरी तिच्या टायरची किंमत उतरत नाही.

माझ्या वहीतील दोन वर्षांच्या नोंदींची छायाप्रत सोबत जोडली आहे. पंपाच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत. कोणाला पडताळून पाहायच्या असतील तर मी त्या आपल्या कार्यालयात आणून दाखवीन.

आपला,
एक वाहनमालक, कोथरूड, पुणे